एकाच नंबरच्या दोन चिनी बंदुका

बहरामंद उस्तादला खरबूज कळत नसे. सगळ्या दर्रा गावाला बंदूक पारखून देणारा हा माणूस खरबूज आणायला गेला की ते हमखास काकडीच्या चवीचं निघायचं. तो ते कानाशी धरून वाजवायचा, देठ हुंगायचा, उन्हात फिरवून बघायचा, आणि मोठ्या ऐटीत बायकोपुढे आणून ठेवायचा. पलवशा सुरी घालायची, एक फोड चाखायची आणि बाकीचं शेळीपुढे टाकायची. शेळीसुद्धा दोनदा विचार करायची. शेवटी पलवशाने त्याला फळांच्या गाड्यांकडे फिरकायचीच बंदी केली, आणि त्याने ती मुकाट्याने मानली.

बंदुकीचं मात्र तसं नव्हतं. दर्र्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, दुकानांमागे कानशी घासणारी माणसं, आणि गिऱ्हाईक बोट ठेवील ती बंदूक करून द्यायची सगळ्यांची तयारी. पण दर्र्याच्या माणसाला स्वतःच्या खांद्यावर लटकवायला बंदूक हवी असली की दर्र्याचा माल तो चिमट्यानेही उचलत नसे. हलवाई कुठे आपली जिलबी खातो? त्याला चिनी हवी असायची. डोंगरापलीकडच्या अफगाण लढाईत चिनी बंदुकांच्या पेट्याच्या पेट्या आल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच वाट चुकून अलीकडे उतरल्या होत्या. चीनने रशियाची नक्कल केलेली, दर्र्याने चीनची नक्कल केलेली, आणि या सगळ्या गोंधळात अस्सल नक्कल कुठली आणि नकली नक्कल कुठली हे सांगायला बहरामंद उस्ताद हाजी समंदरच्या चहाच्या दुकानात बाजेवर बसलेला.

पैसे तो घेत नसे. वेलदोड्याचा हिरवा चहा आणि गुळाचा एक खडा, एवढाच त्याचा मोबदला. बंदूक मांडीवर आली की आधी तो तिच्याकडे बघतच नसे. चहा संपवायचा, मिशा पुसायच्या, डोळे मिटायचे, खटका ओढायचा आणि आवाज ऐकायचा. मग लाकडाला जीभ लावायची. नळीखाली दुमडलेली टोकदार सळई उघडून मिटून बघायची. आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडायचे. बघणारे श्वास रोखून बसत. तो एकच शब्द बोले, "चिनी" किंवा "आपली". पुढे वाद नाही. नाक्यावरच्या दोन व्यापाऱ्यांत भांडण झालं की बहरामंदच्या तोंडून निघालं ते कागदावर शिक्का मारल्यासारखं.

एकदा बन्नूकडचा एक देखणा गडी बंदूक घेऊन आला. दस्त्यावर पितळी फुलं, नळीवर वेलबुट्टी, आणि गडी छातीठोकपणे सांगतोय की पेटीतून निघालेली चिनी आहे. बहरामंदने डोळेसुद्धा मिटले नाहीत. तो म्हणाला, "बाळा, चिनी माणूस बंदुकीच्या एवढा प्रेमात पडत नाही." हेच त्याचं सगळं शास्त्र. चिनी माल उरकलेला असतो; सांध्यावर ओबडधोबड, रंग कुठे जाड कुठे पातळ. दर्र्याचा कारागीर हौशी. त्याला ते बघवत नाही, तो घासत बसतो, गुळगुळीत करत बसतो, आणि तिथेच त्याचं पितळ उघडं पडतं. मुळापेक्षा चांगली दिसली की समजावं, ती आपली.

आता ही पारख बहरामंदला आली कुठून, हे फक्त त्याला आणि पलवशाला ठाऊक होतं. सतरा वर्षांपूर्वी तो उस्ताद नजिमीरच्या दुकानात कारागीर होता. एका मुजाहिदाने आपली कोरी चिनी बंदूक सळई वाकली म्हणून दुरुस्तीला टाकली आणि तो तीन आठवडे फिरकलाच नाही. त्या तीन आठवड्यांत बहरामंदने तिच्या दोन नकला केल्या. अशा केल्या की उस्ताद नजिमीरने स्वतः त्यातली एक मुजाहिदाला परत द्यायला काढली होती. कारण बहरामंदने आयुष्यात पहिल्यांदा आपली हौस आवरली होती. जिथे चिन्याने आळस केला तिथे त्यानेही मेहनतीने आळस केला. त्रिकोणातला शिक्का ठोकला, आणि खालचा नंबरही ठोकला, ३१०६४. दोन्ही बंदुकांवर तोच. समोर एकच बंदूक होती, मग दुसरा नंबर आणायचा कुठून? आणि हात लागला होता, तो थांबेना. एका व्यापाऱ्याने एक तिराहच्या डोंगराकडे विकली, दुसरी ओरकझई टोळीकडे. दोन्ही चिनी म्हणून.

वर्षाच्या आत उस्ताद नजिमीर वारला. मरताना त्याने बहरामंदचा हात कुराणावर ठेवला आणि वदवून घेतलं की यापुढे बंदुकीबद्दल खोटं बोलणार नाही. बहरामंदने कानस खाली ठेवली ती ठेवलीच. मग तो पारखी झाला. लोकांना वाटे, म्हातारा सेवा करतो. सेवा कसली? चोराच्या मनात चांदणं. येणाऱ्या प्रत्येक चिनी बंदुकीत तो आपल्या त्या दोघी शोधत होता. एखाद्या दिवशी एखादी सापडेल, काहीतरी करून ती परत घेऊ, भट्टीत टाकू, आणि मग निवांत मरू, असा त्याचा हिशोब. सतरा वर्षांत हजारभर बंदुकांना जीभ लावून झाली, त्या काही आल्या नाहीत.

मग लालमर्जान आणि सद्बर यांचं भांडण मिटवायला जिरगा, म्हणजे टोळीची पंचायत, बसला.

हे दोघे सख्खे चुलतभाऊ, आणि चुलतभाऊ म्हटल्यावर वैर आलंच. त्याला वेगळं कारण लागत नाही. यांना तरी कारण होतं. लालमर्जानच्या छपराची परनाळ सद्बरच्या अंगणात उतरायची. पाऊस पडला की एकाचं छप्पर धुऊन निघे आणि दुसऱ्याची चूल विझे. अकरा वर्षांच्या गोळीबारात एक बकरी, पाण्याच्या दोन टाक्या आणि सद्बरच्या उजव्या कानाची पाळी एवढं कामी आलं होतं. माणूस अजून गेला नव्हता, पण नेम दोघांचेही सुधारत चालले होते. शेवटी टोळीचा पुढारी मलिक तोरगुलने मध्ये पडून दोघांच्या दारात दगड ठेवला. दगड आहे तोवर गोळी नाही. पण दगडाची मुदत त्या जुम्याला संपत होती. त्याआधी निवाडा झाला नाही तर शनिवारी पुन्हा छपरावर.

निवाडा मानायचा तर आधी तारण ठेवावं लागतं. दोघांनी एकेक बंदूक जिरग्यापुढे ठेवायची. जो शब्द फिरवील त्याची बंदूक गेली आणि बंदुकीबरोबर नाकही गेलं. आता दर्र्यात दर्र्याची बंदूक तारण ठेवणं म्हणजे कुंभाराकडे मडकं गहाण टाकणं. तेव्हा मलिकने सांगून टाकलं, चिनीच पाहिजे आणि बहरामंद उस्तादने बघितलेली पाहिजे.

मलिकच्या बैठकीत चाळीस दाढ्या गोलाकार बसल्या होत्या. मधल्या बाजेवर लालमर्जानची बंदूक. बहरामंदने चहा संपवला, मिशा पुसल्या, डोळे मिटून खटका ओढला. आवाज चिनी. लाकडाला जीभ लावली, आणि जीभ तिथेच राहिली. ही चव त्याच्या ओळखीची होती. अक्रोडाच्या सालीचा रंग, त्यात थोडा जास्त उकळलेला. त्याने डोळे उघडले. ३१०६४.

सतरा वर्षं ज्या घटकेची वाट बघितली ती आली, तर माणसाला आनंद व्हावा. बहरामंदने नंबरावर अंगठा ठेवला. तरी त्याने पटकन मनात जुळवाजुळव केली. एकच तर आहे. लालमर्जानला बाजूला घेऊ, एखादी खरी चिनी देऊ, ही मागून घेऊ. तेवढ्यात सद्बरची बंदूक पुढ्यात आली. तिला जीभ लावायची गरजच पडली नाही. आपली लेक गर्दीत पाठमोरी दिसली तरी कळते.

"काय उस्ताद?" मलिकने विचारलं.

उस्ताद म्हणाला की उजेड बरोबर नाही. दिवसाचे बारा वाजले होते आणि बैठकीला तीन दारं होती. बाज उचलून अंगणात नेली. मग उस्तादने आणखी चहा मागवला. मग आणखी एक. चौथ्या पेल्याला त्याने जाहीर केलं की नमाजाची वेळ होत आली, जेवण उरकून बघू. चाळीस दाढ्यांनी एकमेकींकडे बघितलं. बहरामंदला एका बंदुकीला दोन पेले कधी लागले नव्हते.

घरी येऊन तो चुलीपुढे बसला आणि पलवशाला म्हणाला, "दोघी आल्यात."

पलवशा भाकरी थापत होती. "कोण दोघी? पाव्हणे आलेत?"

"त्या दोघी. अक्रोडाच्या."

तिचा हात थांबला. ते लाकूड तिनेच रंगवलं होतं. सतरा वर्षांपूर्वी याच चुलीवर साली उकळल्या होत्या आणि पंधरा दिवस तिचे तळवे काळे राहिले होते. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "रंग टिकलाय का?"

"कालच दिल्यासारखा आहे."

"मग," असं म्हणून तिने भाकरी तव्यावर टाकली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवायला ती वाकली असावी. बहरामंदला राग आला. इथे घरावर पाणी फिरायची वेळ आली आणि हिला रंगाचं पडलंय. त्याने दोन्ही बाजू मांडल्या. चिनी म्हणावं तर कुराणावरचा हात खोटा. खरं सांगावं तर सतरा वर्षांची अब्रू मातीत, दोन्ही भाऊ चवताळणार, तारण मोडणार, आणि शनिवारी कुणाचा तरी मुडदा पडणार. झाकली मूठ ठेवावी तर कोणाला कळणार आहे? नंबर कोण वाचतो?

"ओ गुलरुखच्या बापा," पलवशा म्हणाली, "तुम्हाला खरबूज कळत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून तुमची अब्रू गेली का? तुम्ही फिकं खरबूज गोड म्हणून कुणाला विकलं नाहीत, म्हणून राहिली. जा आणि सांगा. आणि रंग कुणी दिला ते नाही सांगितलंत तरी चालेल." मग थोडं थांबून म्हणाली, "विचारलंच कुणी, तर सांगा."

दुपारी अंगणात परत गोल बसला. बहरामंद उभा राहिला. पारखी म्हणून तो आजवर कधी उभा राहिला नव्हता.

"दोन्ही आपल्या आहेत," तो म्हणाला. "दर्र्याच्या. आणि दर्र्याच्या म्हणजे माझ्या. मी केल्यात."

त्याने मनाची तयारी केली होती ती शिव्यांची, अंगावर धावून येण्याची, फार तर एखाद्या जोड्याची. जे झालं ते त्याच्या स्वप्नातही नव्हतं. कोणी विश्वासच ठेवला नाही. मलिक तोरगुल हसला आणि म्हणाला की उस्तादला ऊन लागलंय, पाणी द्या. हाजी समंदरने सांगितलं की चार पेले रिकाम्या पोटी घेतल्यावर असंच होतं. लालमर्जान उठून म्हणाला की सद्बरने म्हाताऱ्याला फितवलंय, माझी बंदूक खोटी ठरवायला. सद्बर म्हणाला, फितवलं असतं तर माझीही खोटी ठरवायला लावली असती का, अक्कल कुठे गहाण टाकलीस? तेव्हा लालमर्जान म्हणाला की तीच तर चलाखी आहे.

सतरा वर्षं तो एकेक शब्द बोलला आणि लोकांनी माना डोलावल्या. आज आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य बोलला तर कोणी ऐकेना. पितळी फुलांच्या बंदुकीवाल्या गड्यासारखी त्याची गत झाली होती. फरक इतकाच, की तो गडी खोट्याला खरं ठरवायला आला होता आणि हा आपलंच खोटं सिद्ध करायला धडपडत होता.

"मेलो तरी बेहत्तर," तो ओरडला, "नंबर वाचा."

मलिकचा मुनशी चष्मा चढवून पुढे झाला. त्याने लालमर्जानच्या बंदुकीवरचा नंबर मोठ्याने वाचला, एकतीस हजार चौसष्ट. मग सद्बरच्या बंदुकीवरचा वाचला, एकतीस हजार चौसष्ट. त्याला वाटलं आपण पुन्हा पहिलीच वाचली. त्याने बंदुका अदलाबदल करून पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा.

शेवटी त्याने दोन्ही बंदुका बाजेवर शेजारी शेजारी ठेवल्या. मग लालमर्जानने आपली बंदूक उचलली, सद्बरने आपली उचलली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघे चुलतभाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहिले. दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती. या माणसाने आपल्या दोघांना फसवलंय.

"माझ्या मामाने हिच्यासाठी घोडी दिली होती," लालमर्जान म्हणाला.

"माझ्या सासऱ्याने मला मानाने दिली होती," सद्बर म्हणाला. "लग्नात. सगळ्यांपुढे."

"दोघांच्या तोंडाला काळं फासलं याने."

"दोघांच्या," सद्बरने दुजोरा दिला.

मलिक तोरगुल जुनं खोड. लोखंड तापलेलं त्याला दिसलं. त्याने विचारलं, याची सजा काय? दोघांनी बाजूला जाऊन, डोक्याला डोकं लावून, बराच वेळ खल केला. अधूनमधून एक हात दुसऱ्याच्या खांद्यावर पडत होता आणि दचकून परत जात होता. त्यांनी ठरवून आणलं ते असं: उस्तादने एक मेंढा घेऊन माफी मागायला दारात यायचं. कुणाच्या दारात आधी, यावरून पुन्हा आवाज चढले, तेव्हा मलिकने दोन्ही घरांमधली ती परनाळीची भिंत सुचवली. मेंढा भिंतीपाशी कापायचा आणि दोन्ही घरांनी एका परातीत जेवायचं. बंदुकांचं काय, म्हणून मुनशीने विचारलं. मलिकने दोन्ही घेऊन डोंगराकडे तोंड करून एकेक गोळी झाडली. दोन्ही नीट सुटल्या. "आपल्या तर आपल्या," तो म्हणाला. "राहू द्या तारण." परनाळ गल्लीकडे वळवायची असा निवाडा झाला तो शेवटी घाईघाईत, सगळे उठताना. अकरा वर्षांचं कारण अर्ध्या मिनिटात निकालात निघालं.

बहरामंदने मेंढा आणला, मान खाली घातली, माफी मागितली. पलवशाने रस्सा रांधून पाठवला. भिंतीपाशी परात मांडली गेली आणि दोन्ही चुलतभाऊ एका परातीत हात घालू लागले. हाडकं चोखता चोखता लोकांची जीभ सैल झाली. एकजण म्हणाला की सतरा वर्षं चालतेय बंदूक, चिनी तरी काय वेगळं करते? दुसरा म्हणाला, ही तर बहरामंदची. तो शब्द ऐकून उस्तादने हातातला घास परत परातीत ठेवला. आजवर त्याच्या हातच्या कुठल्याही बंदुकीला कोणी त्याचं नाव लावलं नव्हतं. ज्या दोन सर्वांत चांगल्या झाल्या त्यांना तर चीनचं नाव त्यानेच लावलं होतं. त्याला रडू आलं, पण ते त्याने मिरचीवर ढकललं.

तेवढ्यात लालमर्जानने हात चाटत सहज विचारलं, "काका, खरं सांगा, आधी कुठली केली? माझी की याची?"

परातीभोवतीचे सगळे हात थांबले. प्रश्नाचा अर्थ लहान पोरालाही कळत होता. दुसरी नक्कल पहिलीपेक्षा चांगली होते. पहिल्या बंदुकीची सळई किंचित डावीकडे झुकते, रंग जास्त उकळलेला आहे. पहिली लालमर्जानची. दुसऱ्या वेळी हात बसला होता. सद्बरची बंदूक ही बहरामंदच्या सगळ्या आयुष्याचं काम होतं, आणि ते सांगायला त्याची जीभ शिवशिवत होती. सद्बर टक लावून बघत होता. त्याचा हात लालमर्जानच्या हातापासून वीतभर दूर, एकाच परातीत होता. बंदुकीबद्दल खोटं बोलणार नाही, असं कुराणावर हात ठेवून सांगितलेलं होतं.

"एकाच दिवशी झाल्या," बहरामंद म्हणाला. "एकदम. जुळ्या. त्यांच्यात रतीचाही फरक नाही."

लालमर्जान सद्बरकडे बघून हसला. सद्बरने परातीतला चरबीचा एक मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. जेवण पुढे चालू झालं.

दुसऱ्या दिवशी बहरामंद उस्तादने उपवास धरला. रमजानला अजून पाच महिने होते. हाजी समंदरने चहा आणून ठेवला, तो त्याने परत पाठवला. लोकांनी विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलंय. हेही खोटं होतं, पण ते बंदुकीबद्दल नव्हतं. कसम मोडली की तीन उपवास, एवढं त्याला मदरशात शिकवलेलं आठवत होतं. पहिल्या रात्री दिवा मालवताना पलवशा म्हणाली, "सद्बरची दुसरी ना?"

"हो."

"मला वाटलंच. तिच्या वेळी मी साली कमी उकळल्या होत्या."

तिसऱ्या दिवशी उपवास सोडायला म्हणून तो बंदी मोडून फळाच्या गाडीवर गेला. एक खरबूज उचललं, कानाशी धरून वाजवलं, देठ हुंगला, उन्हात फिरवलं आणि घरी आणलं. अजान झाली. पलवशाने सुरी घातली, एक फोड चाखली. शेळी दोरी ताणून बघत होती. पलवशाने ती फोड सावकाश गिळली, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "साखर आहे नुसती."

बहरामंदने आपली फोड तोंडात टाकली. काकडी होती. दोघांनी मिळून ते सगळं खरबूज सालीपर्यंत खाल्लं. दुसऱ्या दिवशी पहाटे पलवशा आपल्या पहिल्या उपवासाला उठली.